एका घरातली दोन कार्डं

२० जानेवारी, सोमवार

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी आज परत गळ्यात ओळखपत्र अडकलं. सुमंगला, क्षेत्र परिचारिका. फोटोत मी अगदी चोरासारखी दिसते. असू दे. साखळी गावातल्या घरात एकटीने टीव्हीशी भांडत बसण्यापेक्षा हे बरं.

आज एका कागदावर सही करून दिली. अभ्यासातल्या कोणाचंही नाव, गाव, आजार बाहेर बोलणार नाही म्हणून. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत पेशंटची गोष्ट मात्र कधी बाहेर गेली नाही, हेही तितकंच खरं. तरी कुठेतरी बोलायला हवंच ना, म्हणून ही वही.

काम असं. मंकीपॉक्सची लस, म्हणजे आपल्या जुन्या देवीच्याच भाऊबंदातला रोग. एचआयव्ही असलेल्या माणसाला ही लस टोचली तर त्याचं शरीर इतरांइतकंच जागं होतं का, एवढंच बघायचं. अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोस, मध्ये मध्ये रक्त, शेवटचं रक्त सहा महिन्यांनी. एचआयव्हीवाल्यांना पिवळं कार्ड. तुलनेसाठी एचआयव्ही नसलेली माणसं, त्यांना निळं. त्यातही लहानपणी देवी टोचलेल्यांचा हिशेब वेगळा. दंडावर ती जुनी खूण असली की शरीराला ओळख आठवते म्हणे.

आमच्या प्रमुख डॉक्टर गौरवी. पस्तिशीच्या, हुशार, जेवतानासुद्धा एक हात लॅपटॉपवर. त्या म्हणाल्या, "सुमंगलाबाई, माणसं आणणं सोपं आहे, टिकवणं कठीण. गळती नको." मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिली सापडली. औषधांच्या खिडकीपाशी पदराने अर्धं तोंड झाकून उभी होती. शेवंती, वय बावन्न, राहणार लाटंबार्से. नवरा खनिजाच्या ट्रकवर होता, तोच हा आजार देऊन चौदा वर्षांपूर्वी गेला. ही दहा वर्षं नेमाने गोळी घेतेय, रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही इतकी नेमाने. भाऊ कृष्णनाथ आणि त्याची बायको सुमन यांच्याकडे राहते. शाळेतल्या मुलांचं जेवण करणारा बचत गट आहे, त्यात ती मुख्य रांधपीण. दंडावर देवीची खूण आहे, दोन पैशांच्या नाण्याएवढी. गौरवी मॅडम खूश.

घरी कोणाला काही माहीत नाही. महिन्यातून एकदा गुडघ्याचं औषध आणायला जाते, असं सांगून येते.

मी म्हटलं, रक्त घ्यायला मी घरी येईन. तर ती घाबरलीच. "घरा नको ओ बाई. मी येतंय हयसर. गुडघ्याचा निमित्त सांगीन."

"पाच-सहा वेळा गुडघा? कोणाला पटेल?"

"तरी पण घरा नको."

"अगं, मी काय गळ्यात पाटी अडकवून येणार आहे? मी बघते ना सगळं."

मग तिने पदर पुन्हा तोंडावर ओढला. खरं सांगायचं तर इथे बोलावलं की दुसऱ्या खेपेला अर्धे गायब होतात. घरी गेलं की माणूस हातात राहतो. शेवंतीचा क्रमांक ०२३.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिला डोस झाला, आणि आज मी स्वतःची पाठ थोपटून घेणार आहे.

गाडी शांतारामची. बांद्याचा माणूस, खाणी बंद पडेपर्यंत ट्रक हाकत होता, आता भाड्याची व्हॅन चालवतो. त्याने देवळापाशीच गाडी थांबवली, म्हणाला, "हयसून चलत जावा बाई." एवढी पेटी घेऊन मी उन्हात चालत जाऊ? सरळ अंगणात न्यायला लावली.

ओसरीवर सुमन काजू सोलत बसली होती, शेजारच्या दोघीतिघी पण होत्या. सगळ्यांचे डोळे पेटीवर. त्यांनी विचारायच्या आत मीच बोलले, "माकडतापाची नवी लस आहे. प्रयोग चाललाय. शेवंतीचं नाव चिठ्ठीत निघालं." काजूच्या दिवसांत बागेतल्या गोचिडींपासून येणाऱ्या त्या वेगळ्याच तापाची धास्ती इथे सगळ्यांनाच. पलीकडे सत्तरी तालुक्यात माणसं गेली आहेत त्याने. माझं बोलणं लगेच पटलं. शेवंतीने माझ्याकडे बघितलं, आणि दंड पुढे केला. हात थंडगार होता तिचा.

परतताना शांतारामला म्हटलं, कशी गंमत केली! तो समोर रस्त्याकडेच बघत राहिला. याला विनोद कळत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कपाळ माझं! अख्ख्या वाड्याला लस हवी आहे. सुमनने फोन केला, नंबर कार्डावरचा. आवाज गोड, पण प्रश्न सुरीसारखा. "बाई, आक्का बागेत जायत नाय. ती शाळेत रांधता. बागेत मी जातंय. मगे लस तिका कित्याक, आनी माका कित्याक नाय?"

मी म्हटलं, चिठ्ठी. ती म्हणाली, "चिठ्ठी कोणी काढली? आमका कोणी सांगूक नाय."

बाईला डोकं आहे. मी फोन ठेवला खरा, पण जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीत गौरवी मॅडम वैतागल्या होत्या. पिवळी कार्डं भरत आली, निळ्यांचं घोडं अडलंय. पन्नाशीची, एचआयव्ही नसलेली, देवी टोचलेली बाई मिळत नाही. "अशी माणसं आपल्या समोर असतात, सुमंगलाबाई, आपण दंडाकडे बघत नाही इतकंच," असं म्हणाल्या.

आणि मला एकदम आठवलं. परवा सुमनने चहाचा कोप, म्हणजे पेला, पुढे केला तेव्हा बाही वर सरकली होती. तिच्या दंडावर आहे खूण! वय एकोणपन्नास. एकाच घरातलं अन्न, एकाच विहिरीचं पाणी. तुलनेला याहून बरी जोडी कुठे मिळेल? शिवाय सुमनलाही लस मिळाली की तिचं तोंड बंद. शेवंतीवरचा संशय गेला, मॅडमचं निळं कार्ड भरलं. एका फेरीत दोन्ही कामं.

प्रशिक्षणात एका घरातून दोघांना घेऊ नका असं सांगितलं होतं खरं. ते आकडेमोडीसाठी असेल. शेवंतीचं आडनाव नवऱ्याचं, सुमनचं वेगळं. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुमनची नोंदणी झाली. मी नियमाने चालणारी बाई आहे, संमतीपत्र अक्षरन् अक्षर वाचून दाखवते. इतर पोरी नुसतं 'इथे सही करा' म्हणतात.

दुसऱ्या पानावर वाक्य आहे: 'या अभ्यासात एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती आणि एचआयव्ही नसलेल्या व्यक्ती यांच्या शरीराने मंकीपॉक्सच्या लशीला दिलेल्या प्रतिसादाची तुलना केली जाईल.' सुमन दहावीपर्यंत गेलेली, माझ्याबरोबर बोट फिरवत वाचत होती. तिथे बोट थांबलं.

"ही माकडतापाची लस न्हय?"

"त्याच्यासारखीच. माकडाचाच रोग." मी वेळ मारून नेली.

"एचआयव्ही म्हंजे ता एड्साचा मा?"

"होय. पण तुझा त्याच्याशी काय संबंध? तू नुसती तुलनेला. तुझी तपासणी करू, काही नाही निघालं की तू निळ्या गटात."

"आनी दुसऱ्या गटात कोण?"

"ते गुप्त असतं."

"मगे आक्का खंयच्या गटात?"

"तेही गुप्त."

"बरा," ती म्हणाली, आणि सही केली. समजूतदार आहे, जास्त खोदत बसली नाही.

आत खोबरं किसण्याचा आवाज चालला होता, तो मध्येच बंद पडला. शेवंती काही बाहेर आली नाही. तिला मी आधी सांगितलं नव्हतं, म्हटलं, नंतर कळेल तेव्हा हायसं वाटेल तिला.

गाडीत शांतारामने तोंड उघडलं. "बाई, एका घरात दोन रंगाची कार्डां? ता बरा नाय." मी त्याला म्हटलं, तू स्टिअरिंग सांभाळ, लस मी सांभाळते. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळे मला शहाणपण शिकवायला बसलेत!

५ मार्च, बुधवार

सुमनची तपासणी अपेक्षेप्रमाणे. पहिला डोस टोचला. निळं कार्ड तिने कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. ताप आला का, हात दुखला का, रोज लिहायचं असतं त्यावर.

"आक्काचा पिवळा," ती म्हणाली. "रंग कित्याक वेगळे?"

"कागद संपले एका रंगाचे."

शेवंतीला विचारलं, तुझं कार्ड कुठे? म्हणाली, ट्रंकेत. मी रागावले. रोज लिहायचं असतं ते, ट्रंकेत काय उपयोग? ती म्हणाली, "लिवतंय बाई. रातीचा लिवतंय." हल्ली फार कमी बोलते ही.

१७ मार्च, सोमवार

शेवंतीचा दुसरा डोस. रक्तही घेतलं. सुमन समोर हाताची घडी घालून उभी, नळ्या मोजत होती. "तिच्यो चार. माझ्यो तीनच घेतललात."

चौथी नळी पिवळ्यांच्याच वाट्याला, पांढऱ्या पेशी मोजायला. मी पटकन म्हटलं, "वजनावर असतं ते. तिचं वजन जास्त."

शेवंती म्हणजे वाळकी काडी. सुमन तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसली. "आक्काचा वजन!" मीही हसले. घरात हसू असलं की काम हलकं होतं. शेवंतीने कापूस दंडावर दाबून धरला होता, ती खाली बघत होती.

३१ मार्च, सोमवार

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नये कोणाकडे, पण चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. शेवंतीचं रक्त आज मागच्या पडवीत घेतलं. तीच म्हणाली, ओसरीवर नको. तिथे एक चूल मांडलेली, एक टोप, एक ताट, आणि खिळ्याला दोरीने टांगलेला पाण्याचा कोप. विचारलं तर म्हणाली, "चैत्राचो उपास धरलंय." देवभोळी आहे. मलाही उपास करायला हवेत, वजन वाढलंय.

शाळेत गेली नव्हती. बरं नाही वाटत म्हणाली. ताप नाही, रक्तदाब ठीक. 'लशीचा दुष्परिणाम नाही' असं लिहिलं.

निघताना बघितलं, शेवंती बसली होती ते स्टूल सुमन फिनेल घालून धूत होती. घर मात्र अगदी लख्ख ठेवते हं ही बाई.

२ एप्रिल, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज सुमनचा दुसरा डोस. सुई काढली, कापूस लावला, आणि तिने शांतपणे विचारलं, "बाई, तो रोग रांधलेल्या जेवणान लागता?"

मला आनंद झाला. देवाशपथ, आनंद झाला! म्हटलं, बाईला जाणून घ्यायचंय. मी दहा मिनिटं व्याख्यान दिलं. जेवणाने नाही, ताटाने नाही, एका न्हाणीत न्हाल्याने नाही, मिठी मारली तरी नाही. नेमाने गोळी घेणाऱ्याकडून तर कोणालाच काही होत नाही. ती मान हलवत होती.

"तुमी सांगतास ता बरोबर आसात," ती म्हणाली. "पण शाळेतली पोरां आसत मा? त्यांच्या आवशी-बापाशींक ह्या कोण सांगतलो?"

"कसली पोरं?"

"आक्का ज्यांका रांधून घाली तीं."

मी बसले. उभीच होते, बसले.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच मा, बाई. तुमीच वाचून दाखयलात. एक गट तसलो, एक गट बरो. माझी तपासणी करून तुमी माका बऱ्या गटात घातलात. घरात लस घेवपी आमी दोगीच. मगे उरली कोण?" ती ओरडत नव्हती, हेच वाईट. "मी वाड्यार कोणाक सांगूक नाय. फकत गटाच्या बायांक सांगलंय. तितक्या सांगूक व्हया मा? पोरांचा जेवण आसता ता."

मागच्या पडवीत शेवंती भांडी घासत होती. पाठ माझ्याकडे. मी तिच्यापर्यंत गेले नाही. सरळ गाडीत जाऊन बसले. चैत्राचा उपास! आणि मी त्यावर विश्वास ठेवला, वर स्वतःच्या वजनाचा विचार केला.

शांतारामने गाडी सुरू केली. सांगितलं होतं मी, असं म्हणाला असता तर भांडले तरी असते.

३ एप्रिल, गुरुवार

मी तोंडाने कोणाचंही नाव घेतलेलं नाही. सही मोडलेली नाही. नियमाप्रमाणे संमतीपत्र वाचलं. न वाचता सही घेतली असती तर तो गुन्हा झाला असता. सुमनचं डोकं तिरकं चालतं, त्याला मी काय करू?

(संध्याकाळी) वरचं सगळं खोटं आहे. खोडत नाही, राहू दे तसंच.

१६ एप्रिल, बुधवार

सुमनचं रक्त घ्यायला गेले. आज गाडी देवळापाशीच ठेवायला सांगितली, आता काय उपयोग. पडवीतली चूल मोडलेली. शेवंती नाही.

कृष्णनाथ होता घरी. साधा माणूस, डोळे वर करून बोलत नाही. "आक्का चोपड्याक गेली, मावशीकडे. आपणच गेली. आमी जा म्हणूक नाय."

सुमन आतून म्हणाली, "अंथरूण जाळलंय मी तिचा. ती गेल्यार. तुमी सांगलात लागणा नाय म्हणून, तरी."

कृष्णनाथ म्हणाला, "ल्हानपणात तिनाच माका वाडयलो. आवय आजारी आसायची." एवढंच बोलून तो उठून विहिरीकडे गेला, आणि तिथे पाठ करून डोळे पुसले. हा माणूस बहिणीच्या बाजूने एकदा तरी बोलला का? मला विचारायचं होतं. पण मी कोणत्या तोंडाने विचारणार?

सुमनच्या तीन नळ्या घेतल्या. चिठ्ठ्या डकवल्या. हात सवयीने काम करतात.

२४ एप्रिल, गुरुवार

आज मॅडमना सांगायचं ठरवून गेले होते. "मॅडम, ०२३ बद्दल बोलायचं होतं."

"हो ना, मलाही!" त्यांचे डोळे चमकले. "दुसऱ्या डोसनंतरचं रक्त बघितलं का तिचं? काय प्रतिसाद आहे! देवीची जुनी खूण असलेल्यांत सगळ्यात वर. एचआयव्ही असूनसुद्धा. ही बाई आपल्या अभ्यासाचा कणा आहे, सुमंगलाबाई. हिचं सहा महिन्यांचं रक्त मिळायलाच हवं."

मग विचारलं, "तुम्ही काय म्हणत होता?"

एका घरातून दोघींना घेतलं हे सांगितलं तर दोघींचे नमुने बाद, वर नीतिसमितीपुढे उभं राहायचं. माझं ओळखपत्र काढून घेतील. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. शेवंती त्या श्वासात नव्हती. मी म्हटलं, "तिची तब्येत चांगली आहे, एवढंच सांगायचं होतं."

शी!

११ जुलै, शुक्रवार

पहिल्या निकालांचं सादरीकरण झालं. पंखे, पडदा, रंगीत आलेख. पिवळे ठिपके आणि निळे ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. 'नेमाने औषध घेणाऱ्या एचआयव्हीग्रस्त व्यक्ती आणि इतर यांच्या प्रतिसादात लक्षणीय फरक आढळला नाही.' टाळ्या वाजल्या. चांगलीच बातमी आहे ती, खोटं कशाला बोलू. उद्या रोग आला तर कितीतरी माणसं यामुळे वाचतील.

सगळ्यात वरचा पिवळा ठिपका कोणाचा, ते मला माहीत होतं. त्याला लागूनच एक निळा होता, तो कोणाचा तेही. मधल्या सुट्टीत बटाटेवडा होता. मी खाल्ला नाही. मॅडमना वाटलं, माझं पित्त वाढलंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पेडण्याकडच्या चोपड्याला जाऊन आले. सहा महिने भरले, मॅडम रोज विचारत होत्या.

शेवंतीचा फोन एप्रिलपासून बंद. शांतारामनेच पत्ता काढला, कसा ते विचारलं नाही. त्याने गाडी पुलाच्या अलीकडे थांबवली आणि म्हणाला, "ओळखपत्र काडा बाई गळ्यातला. पेटी हयसरच ठेवा." या वेळी मी ऐकलं.

नदीच्या काठाला ती तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, निवडत बसली होती, आणखी तीन बायका होत्या. मला बघितल्याबरोबर तिचा चेहरा असा झाला, की मला परत फिरावंसं वाटलं. ती उठली, त्या बायकांना म्हणाली, "साखळेची शिक्षकीण आमची," आणि मला माडांच्या आड घेऊन आली. दहा पावलं पुढे, मी मागे.

"मावशेक म्हायत नाय," ती म्हणाली. "हयसर येव नको आसलात तुमी."

मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते. माफी मागायची होती आधी. तोंडातून निघालं ते असं: "शेवंती, शेवटचं रक्त राहिलंय गं. पाच मिनिटांचं काम. तुझं रक्त फार चांगलं निघालं. डॉक्टर म्हणतात, अगदी धडधाकट माणसासारखं."

"म्हंजे सुमनाच्या सारख्या?"

"तिच्यापेक्षाही थोडं वर."

ती हसली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितली तिला, आणि तसलं हसू देवाने मला परत दाखवू नये. "मगे ता कागद न्हेवन सुमनाक दाखया. गटाच्या बायांक दाखया. शाळेच्या दारार लावा."

"ते गुप्त असतं," मी म्हटलं.

खरंच म्हटलं. बत्तीस वर्षांची सवय, शब्द आपोआप बाहेर पडले. जीभ हासडून ठेवावीशी वाटली.

तिने हाताला चिकटलेली रेती झटकली. मग म्हणाली, "गोळी मी चुकवूक नाय, ती काळजी करू नकात. दर म्हयन्याक वचून हाडतंय. ती माझी. ह्या टोचणा तुमचा, आनी ह्या रक्त तुमका व्हया. ता मी दिवचंय नाय."

"शेवंती, चूक झाली माझी."

"माका एक सांगा, बाई. घरा नको, असा मी म्हटललंय. दोनदा म्हटललंय. तुमका आयकूक येवक नाय?"

आलं होतं. ऐकू आलं होतं, स्पष्ट. या वहीतसुद्धा लिहून ठेवलंय मी.

पलीकडून कोणीतरी हाक मारली, "शेवंते, शिक्षकिणीक च्या करू?" ती ओरडून म्हणाली, "नको गो, ती चलली!" मग मला हळूच म्हणाली, "तिसऱ्यो न्हेतास? ताज्यो आसत. माझ्या हाताच्यो चलतत मा तुमका?"

मी नको म्हटलं. का म्हटलं? घाईत म्हटलं, डोळे भरून आले होते म्हणून म्हटलं. तिला तसं वाटलं नसणार. तिने हात मागे घेतला आणि साडीला पुसला.

गाडीत मी हमसून हमसून रडले. शांतारामने आरसा वर फिरवला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

०२३ चा फॉर्म भरायचा होता. अभ्यासातून बाहेर पडणाऱ्याचा. मॅडम हळहळल्या, "अरेरे, कणाच मोडला. असो, आतापर्यंतचे नमुने तरी आपले आहेत." मग म्हणाल्या, "पण बाकी गळती तुमच्यामुळेच एवढी कमी आहे. पुढच्या अभ्यासातही तुम्ही हव्यात मला."

बाहेर पडण्याचं कारण. चार चौकोन छापलेले. लशीचा त्रास. स्थलांतर. वैयक्तिक कारण. संपर्क तुटला. मी पेन हातात धरून बसले. वैयक्तिक कारण, त्यावर खूण केली. शाई पसरली थोडी.

त्याखाली एक ओळ होती, इतके महिने असले फॉर्म भरले पण ती कधी नीट वाचली नव्हती. 'अभ्यासाच्या कामकाजामुळे सहभागी व्यक्तीस काही हानी पोचली असल्यास सविस्तर लिहावे.' खाली लिहायला सहा रेघा. सहा पुरल्या नसत्या. घराचा नंबर, चुलीची जागा, खिळ्याचा कोप, शाळेतलं सुटलेलं काम, कृष्णनाथने विहिरीवर पुसलेले डोळे, सगळं लिहिता आलं असतं मला. अक्षरही चांगलं आहे माझं.

पहिल्या रेघेवर मी लिहिलं, 'नाही.' उरलेल्या पाच रेघांवर नियमाप्रमाणे तिरकी रेघ मारली, म्हणजे मागाहून कोणी काही लिहू नये. मग सही केली, तारीख घातली आणि कागद मॅडमच्या मेजावर ठेवून आले.